तुळजापूर ते बेंबळी, मार्गे विहीर

तुळजापूर
२९ मार्च २०२५

मा. शिबिरप्रमुख,
उन्हाळी शिबिर, बेंबळी

वर "मा." लिहिलंय, "ती. दादा" लिहिलेलं नाही, हे बघून घे. हा अर्ज आहे, घरचं पत्र नव्हे. म्हणून खुशाली विचारत नाही आणि कळवतही नाही. "आपण" लिहायचाही प्रयत्न केला, पण हात वळला नाही.

अण्णांच्या नियमाप्रमाणे हातानं लिहिते आहे. शिबिराला छापील फॉर्म नाही, आईनं किंवा वडलांनी आपल्या अक्षरात आपल्या मुलाबद्दल पत्र लिहायचं. "पोर यायच्या आधी मला पत्रातून भेटलं पाहिजे," असं अण्णा म्हणायचे, आणि पाडव्याच्या सुमाराला ओसरीवर बसून आलेली पत्रं आईला मोठ्यानं वाचून दाखवायचे. अण्णा गेल्यावर वडलांचं शिबिर तुझ्याकडं आलं, तरी तू हा नियम मोडला नाहीस असं ऐकलं. बरं केलंस. तुझ्या कुलदीपच्या मुंजीपासून तू मला फोन करत नाहीस आणि मीही तुला करत नाही. बहिणीला भावाशी बोलायला अर्जाचं निमित्त लागतं, इथवर आपण आलो आहोत.

तर, मुलीचं नाव जाई. वय नऊ. तिला ऑटिझम आहे. हे तुला ठाऊक आहे, पण नियम म्हणजे नियम, नवख्याला सांगावं तसं सांगते. मराठीत स्वमग्न म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, कारण जाई स्वतःत मग्न नसते, ती एसटीत मग्न असते. आमचं घर स्टँडच्या मागं. खिडकीत उभं राहून गाड्यांच्या पाट्या वाचता वाचता ती वाचायला शिकली, बोलायच्याही आधी. "आई" म्हणायच्या आधी ती "सोलापूर" म्हणाली. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, आता मी येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगते.

ती बोलते, पण मोजकं. तिला पुढं काय होणार हे आधी कळावं लागतं. म्हणून रोज सकाळी मी तिला पुठ्ठ्यावर दिवसाची पाटी लिहून देते. "अंथरूण ते शाळा, मार्गे दात, अंघोळ, पोहे." पाटीवर आहे ते सगळं ती बिनतक्रार करते. पाटीवर नाही ते घडलं तर जमिनीवर पडून ओरडते. हट्ट नसतो तो, भीती असते. रात्रीच्या पाटीचा शेवट कायम एकच, "घर, मुक्काम." गावात रात्री थांबते ती मुक्कामी गाडी, हे तिला पक्कं माहीत आहे. घराशिवाय तिनं आजवर कुठंच मुक्काम केलेला नाही.

आता शिबिरात काय लागेल ते सांगते. दिवसाची पाटी भिंतीवर लावावी लागेल. तिला मागून हात लावायचा नाही, समोरून यायचं. कोरडी भाकरी आणि दही, दोन्ही एकमेकांना न चिकटता. आवाजाचं म्हणशील तर तिचं गणित वेगळं आहे. देवळाकडून संबळ वाजत आली तर ती डोलते, पण शिट्टी वाजली की कान झाकून कोपऱ्यात जाते. तू हल्ली शिट्टीवर शिबिर चालवतोस म्हणे. अण्णांनी घंटा म्हणून लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा अजून आहे ना? तो ठोकायला तिलाच दे. स्वतः केलेल्या आवाजाची तिला भीती वाटत नाही.

आणि विहीर. नव्या पोराच्या पाठीला आपला गडी सिदू रिकामा डबा बांधायचा, काय जेवलास, कुठल्या शाळेत जातोस असं विचारत काठाशी न्यायचा आणि बोलता बोलता मागून ढकलून द्यायचा. खाली पाण्यात अण्णा तयार. माझ्या वेळी मी "आई गं" म्हणायच्या आत नाकातोंडात पाणी गेलं होतं. वर आले तेव्हा काठावरची सगळी पोरं टाळ्या वाजवत होती, आणि मी रडायचं सोडून हसले. उन्हात तापलेल्या पायऱ्या, ओल्या अंगानं त्यांच्यावर पालथं पडायचं, आणि वरून स्वयंपाकाच्या धुरपताबाईंची हाक, "पोरांनो, भाकऱ्या गार व्हायल्यात!" माझं सगळं लहानपण त्या पायऱ्यांवर वाळत पडलंय. पण जाईला असं ढकललं तर ती आयुष्यात पुन्हा पाण्याजवळ जायची नाही. तिला ढकलू नका.

गेल्या वर्षी इथल्या दोन शिबिरांत विचारलं. एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडं सगळी नॉर्मल मुलं असतात हो." दुसऱ्यांनी घेतलं आणि दुपारच्या आत घेऊन जा म्हणून फोन केला. मी गप्प बसले असते. पण रात्री झोपताना मी तिला गोष्टी सांगते त्या बेंबळीच्या, दुसऱ्या मला येत नाहीत. गेल्या आठवड्यात तिनं स्वतः पाटी केली आणि दाराला लावली, "तुळजापूर ते बेंबळी." रोज सकाळी चप्पल घालून तिथं उभी राहते.

आपली,
भैरवी
जाईची आई. बाकी नातं अर्जात लिहायचं नसतं.


तुळजापूर
१२ एप्रिल २०२५

दादा,

आज चैत्री पुनव. येरमाळ्याच्या यात्रेसाठी जादा गाड्या सोडल्यात, त्यामुळं जाई सकाळपासून खिडकीत आहे आणि मला तुला चार शब्द सुनवायला सवड आहे.

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, खाली गोल शिक्का. "विशेष बालकांसाठी स्वतंत्र व्यवस्था उपलब्ध नसल्याने प्रवेश देता येत नाही. शिबिराचे नियम सर्वांना समान आहेत." अण्णांनी जन्मात कुणाला असं वाक्य लिहिलं नसतं. मी हातानं चार पानं लिहावीत आणि तू दोन ओळी छापून पाठवाव्यास, हा कुठला नियम?

मुंजीचा राग तुझ्या मनात आहे हे मला कळतं. मंगलाष्टकं संपली, ताशा कडाडला, आणि जाई किंचाळून चौरंगाखाली शिरली. अक्षतांचं ताट उलटलं. वहिनीच्या माहेरची माणसं बघत राहिली. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "हिला आणायलाच नको होतं." मी तिला उचललं आणि न जेवता निघाले. तुझा समारंभ बिघडला, हे मला मान्य आहे. पण तू "हिला" म्हणालास, "जाईला" म्हणाला नाहीस. ते मला अजून लागतं. मुंजीनंतर दोन्ही वर्षं राखी पाठवली ती कुरिअरनं, पाकिटात चिठ्ठी घालावीशी वाटली नाही.

ते जाऊ दे. मी माफी मागायला सांगत नाही आणि मागतही नाही. मला माझ्या पोरीसाठी जागा हवी आहे.

मला आपलं शिबिर आठवतं ते असं. आंब्याच्या अढीच्या वासानं भरलेली खोली, आणि त्या खोलीत कुणी चोरून गेलं की अण्णा नाकानं ओळखायचे. लिंबाखाली गोष्टीची वेळ. गोष्ट रंगात आली की अण्णा मध्येच थांबून विचारायचे, "झोप कुणाला आली? आली असेल तर तिथंच झोपा, गोष्ट पळून जात नाही." एकाला तिखट सोसायचं नाही, त्याच्या ताटात ठेच्याऐवजी गूळ. एकीला अंधाराची भीती, तिची गोधडी अण्णांच्या खाटेजवळ. कुणी कधी म्हटलं नाही की याला वेगळी व्यवस्था, त्याला वेगळी. आम्हाला वाटायचं, असंच असतं.

नियम सगळ्यांना सारखे आहेत, असं तू लिहितोस. अण्णांच्या वेळी खरंच होते का रे? नीट आठवून बघ. तुला तर माझ्यापेक्षा जास्त आठवायला हवं.

दाराची पाटी मी काढायला गेले तर जाईनं माझा हात धरला. तिला कसं सांगू की बेंबळीची गाडी रद्द झाली?

भैरवी


तुळजापूर
२१ एप्रिल २०२५

दादा,

या वेळी तुझं अक्षर दिसलं. अजून 'ळ'ला गाठ मारतोस. पाकीट हातात धरून मी किती वेळ नुसती बघत बसले.

तू जाईला घेतो म्हणतोस. गोदामाशेजारची खोली साफ करून घेतलीस, पंखा लावलास, दिवसभर सांभाळायला गावातली एक बाई ठरवलीस. जेवण तिचं तिथंच पाठवणार. खेळांच्या वेळी, गोष्टीच्या वेळी, विहिरीच्या वेळी ती खोलीत राहील, म्हणजे तिला त्रास नाही आणि बाकीच्यांनाही नाही. "तुझ्या मनासारखं झालं ना?" असं शेवटी विचारलंस.

नाही झालं, दादा.

मी वाचलं आणि आधी खूश झाले, खोटं सांगत नाही. तुझ्या मेहुण्याला, यज्ञेशला, वाचून दाखवलं. तो शांत माणूस, तहसिलीत अर्ज वाचून वाचून त्याची नजर तयार झालीय. तो म्हणाला, "भैरवी, यात शिबिर कुठंय?" मी पुन्हा वाचलं. खरंच नव्हतं. खोलीत बसून पंख्याखाली दही-भाकरी तर ती इथंही खाते. तू चांगल्या मनानं केलंस हे मला दिसतंय, आणि म्हणूनच जास्त दुखतंय. बाहेरच्या बाईंनी नाही म्हटलं तर भांडता तरी येतं.

तू लिहितोस, विहीर तिला कशी जमणार, तिथं ढकलण्याचीच रीत आहे, अण्णांनी सगळ्या पोरांना असंच शिकवलं.

आता मला लिहावंच लागेल. अण्णांनी तुला ढकललं नव्हतं, दादा.

मी सहा-सात वर्षांची असेन. शिबिर सुरू व्हायच्या आधीचे दिवस होते. झुंजूमुंजू व्हायच्या वेळी तुम्ही दोघं उठून कुठंतरी जाता, हे मला कळलं होतं, आणि मला का नेत नाहीत म्हणून मी रुसून तुमच्या मागं आले. लिंबाच्या आडून बघितलं. तू विहिरीत सगळ्यात खालच्या पायरीवर बसला होतास, गुडघे पोटाशी घेऊन. अण्णा समोर पाण्यात तरंगत होते. त्यांनी हात पुढं केला होता, पण तुला धरलं नव्हतं. "तुझ्या वेळानं ये. मला घाई नाही," इतकंच ते म्हणत होते. त्या दिवशी तू उतरला नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. अण्णा रोज पाण्यात, तू रोज पायरीवर. मग एका सकाळी तू आपण होऊन पाय सोडलेस आणि त्यांचा हात धरलास.

शिबिरात सिदू तुला डबा बांधायला आला तेव्हा अण्णा म्हणाले, "त्याचं झालंय." आणि तू सगळ्या पोरांना छाती काढून सांगितलंस, "मी वरून उडी मारली." मी बाजूलाच उभी होते. बोलले नाही. कुणालाच कधी बोलले नाही, आईलाही नाही, आणि पुढंही बोलणार नाही. ही धमकी नव्हे. मला ती सकाळ फार आवडते, म्हणून इतकी वर्षं माझ्यापाशी ठेवली. अण्णा म्हटलं की मला त्यांचा फोटो आठवत नाही, पाण्यातून पुढं आलेला तो हात आठवतो.

त्यांनी तुला गोदामाशेजारी बसवलं नाही. विहीर तीच ठेवली, तुला फक्त पायऱ्यांनी येऊ दिलं. मी जाईसाठी एवढंच मागते आहे. तिला सगळ्यांत बसव. जमेल तेवढं करेल, नाही जमलं तर उठून जाईल, तेवढ्यापुरती ती पंख्याची खोली असू दे. पण तिचा मुक्काम सगळ्या पोरांत पाहिजे. तसं जमत नसेल तर स्पष्ट नाही म्हण, मी दाराची पाटी काढते.

भैरवी


तुळजापूर
२७ एप्रिल २०२५, रविवार

दादा,

पळपुटा कुठला! आलास आणि मला न भेटता गेलास. मी दळण आणायला गेले होते, गिरणीत वीज गेली म्हणून खोळंबले. घरी आले तर टेबलावर शिट्टी. आधी मला कळेचना की ही कुणाची. यज्ञेश गालात हसत बसला होता. नंतर त्यानं सगळं सांगितलं, आणि मी त्याच्याकडून तीनदा ऐकलं.

तू खुर्चीत बसलास आणि जाईनं तुझ्याकडं बघितलंही नाही. तूही बोलला नाहीस. मग तिनंच विचारलं, "कुठली?" तू म्हणालास, "बेंबळीहून आलो बाळा." ती म्हणाली, "मार्गे?" तुला कळलं नाही. यज्ञेशनं सांगितल्यावर तू म्हणालास, "मार्गे धाराशिव." तेव्हा तिनं मान हलवली. दादा, या घरात पाहुणे येतात, तिच्या डोक्यावरून हात फिरवतात, "काय गं, ओळखलंस का?" म्हणतात आणि ती पळून जाते. तुझी गाडी तिनं मान्य केली.

मग तिनं पुठ्ठा आणला. तू सांगत गेलास, ती लिहीत गेली. "शिबिर. मार्गे उठणे, घंटा, न्याहारी, विहीर, जेवण, झोप, खेळ, गोष्ट." तू सवयीनं "शिट्टी" म्हणालास आणि तिनं पेन खाली ठेवलं. तुझ्या शर्टाच्या खिशात शिट्टी होती, ती काढून तू टेबलावर ठेवलीस. "शिट्टी नाही. घंटा. तू वाजवायची." असं म्हणालास म्हणे.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? तू शेवटी सांगितलंस, "बेंबळी, मुक्काम." ते तिनं लिहिलं नाही. पाटीच्या शेवटी जागा मोकळी सोडली. ती पाटी तू मांडीवर धरून गाडीतून नेलीस, म्हणजे मोकळी जागाही बरोबर नेलीस.

मला भीती वाटते आहे. इतके दिवस तुझ्याशी भांडत होते तोवर वाटत नव्हती. आता तू हो म्हणालास, आता सगळं जाईवर आलं.

वहिनीला सांग, भाकरीवर दही घालू नको, शेजारी ठेव.

भैरवी


तुळजापूर
४ मे २०२५

दादा,

हे पत्र जाईच्या पिशवीत वरच्या कप्प्यात ठेवते आहे. उद्या मी तिला फाटकाशी सोडणार आणि त्याच गाडीनं परत फिरणार, कारण मी थांबले तर रडेन, आणि ते पाटीवर नाही.

ती ओरडायला लागली तर "गप्प बस" म्हणू नका. धरू नका, उचलू नका, पोरांना लांब करा. कुणीतरी एकानं जवळ जमिनीवर बसावं, बोलू नये. ओसरतं ते. बसून राहायला तुला जमेल, अण्णांकडून तू ते सगळ्यात आधी शिकलास.

संध्याकाळी ती "तुळजापूर" म्हणू लागली तर तिला घर आठवतंय. खोटं सांगू नको की आई येतेय. जेवढं खरं आहे तेवढंच सांग. पाटीवरची शेवटची जागा तू भरू नकोस. कितीही वाटलं तरी नको.

घरी जायचं म्हणाली तर मला फोन कर. मी भांडण करणार नाही, तू प्रयत्न केला नाहीस असंही म्हणणार नाही. माझी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, मिळेल त्या गाडीनं निघेन.

मी लहान असताना शिबिराचा शेवटचा दिवस आला की आपण दोघं अढीच्या खोलीत लपून बसायचो. आपलंच घर, आपल्याला कुठं जायचं नसायचं, तरी सगळी पोरं निघाली की आपल्याला रडू यायचं. तू मला म्हणायचास, "रडू नको, पुढच्या वर्षी येतील." तिथंच मला समजलं की माणसं जातात आणि परत येतात. हे जाईला मी शब्दांत समजावू शकत नाही. म्हणून तिला तिकडं पाठवते आहे.

तुझी भैरवी


तुळजापूर
११ मे २०२५

ती. दादास,

सगळ्यात आधी धुरपताबाईंचा फोन आला. नातवाच्या मोबाइलवरून, इतक्या मोठ्यानं की फोन कानापासून लांब धरावा लागला. "भैरवीताई, तुमी काय बी काळजी करू नगा. पोरगी लई गुणाची हाय. कोरडी भाकर खाती, पर खाती. घंटा अशी ठोकती की आमचं समदं गाव जागं व्हायलंय!" मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "पहिल्या सांजेला लई रडली बगा. फाटकापाशी बसली, उठना. सर बी तिच्या शेजारी मातीत बसले. शेवटची गाडी गेली तरी दोघं बसूनच. बोलनं न्हाय, काय न्हाय." तू हे मला कळवलं नाहीस. कळवलं असतंस तर मी पिशवी उचलून निघाले असते, म्हणूनच कळवलं नाहीस ना?

आज दुपारी यज्ञेश स्टँडवरून पाकीट घेऊन आला. शिबिरात पोरं घरी पोस्टकार्ड लिहितात ही अण्णांची रीत, पण पोस्टकार्ड कंडक्टरच्या हाती एसटीनं आलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. टपालपेटीत टाकायला जाई तयार झाली नसणार. पाकिटात तिचं कार्ड आणि तुझं पत्र. भित्री आहे मी, आधी तुझं उघडलं.

विहिरीच्या पहिल्या दिवशी तू सगळ्या पोरांना काठावर उभं केलंस आणि सांगितलंस की तू लहानपणी वरून उडी मारली नव्हतीस, पाण्याची भीती वाटायची, रोज पायरीवर बसून राहायचास. मी हे तुला कधीच सांगायला लावलं नव्हतं, दादा. मी म्हटलं होतं ना, कुणाला बोलणार नाही. तू स्वतः बोललास, ते पण कुलदीपच्या समोर. सिदू डबा हातात घेऊन उभा, म्हणाला, "मंग सर, आता म्या ढकलू कुनाला?" हे वाचून मी एवढी हसले की यज्ञेश आतून पळत आला. तू त्याला म्हणालास, "ज्याला ढकलून घ्यायचंय त्याला ढकल. बाकीचे पायऱ्यांनी येतील." आणि निम्म्याहून जास्त पोरं पायऱ्यांनी आली. म्हणजे इतकी वर्षं त्यांनाही भीतीच वाटत होती की काय? मलाही वाटली होती. वर येऊन हसले म्हणून कुणाला कळली नाही, मलासुद्धा नाही.

जाई पाण्यात उतरली नाही, असं तू लिहितोस, जरा अपराधी वाटून. रोज शेवटच्या पायरीवर बसते, पाय पाण्यात सोडते आणि पोरं किती वेळा वर आली ते सांगते. तू समोर पाण्यात असतोस. एवढंच. दादा, एवढंच नाही रे ते. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले. तू पाण्यात आणि ती पायरीवर, हे मी आधी बघितलेलं आहे. तिला उतरायची घाई करू नको. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी.

मग तिचं कार्ड हातात घेतलं. चित्र नाही, आईला नमस्कार नाही, काही नाही. कार्डभर एसटीची पाटी. ठसठशीत चौकोन, आत तिचं सरळ अक्षर.

"तुळजापूर ते बेंबळी. मार्गे मामा, घंटा, भाकरी, विहीर."

आणि शेवटी, जिथं तिनं जागा मोकळी सोडली होती तिथं, "मुक्काम."

माझ्या डोळ्यांना धार लागली. यज्ञेश म्हणाला, "अगं, चांगलं लिहिलंय तिनं." मला कळत नाही का चांगलं आहे ते! पण नऊ वर्षं मी ज्या शब्दाची एकटी मालकीण होते, तो तिनं तुझ्या दारात लिहिला. आनंद झालाच. थोडं काळजातही हललं. आई झालीस तर कळेल, असं म्हणणार होते, पण तू काय होणार. वहिनीला विचार, ती सांगेल.

दाराशी भरून ठेवलेली पिशवी मी रिकामी केली, साडी परत कपाटात ठेवली. तुझी शिट्टी अजून टेबलावर आहे. हवी असेल तर न्यायला ये, पण मी घरी असताना ये. नको असेल तर राखीला मीच घेऊन येते. या वेळी कुरिअर नाही.

रोजच्या सवयीनं आज संध्याकाळी मी पुठ्ठा घेतला आणि घरची पाटी लिहायला बसले. जेवण लिहिलं, दिवा लिहिला, खिडकी लिहिली. शेवटी काय लिहायचं ते कळेना. मग तिचीच रीत धरली आणि जागा मोकळी सोडली.

तुझी,
भैरवी